फेन्वेस जाण्यापूर्वी

चि. निरंजन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. येत्या रविवारी दुपारी बॉस्टनच्या फेन्वे पार्कवर बेसबॉलचा सामना पाहून सायंकाळी जवळच्याच संगीत महाविद्यालयात चार्ल्स आइव्हज या रचनाकाराविषयी एका पियानोवादकाचे व्याख्यान ऐकण्याचा तुझा बेत वाचून मला मनापासून संतोष झाला. परंतु दोन्ही विषय परके असल्यामुळे केवळ वेळ घालविण्यासाठी जात आहेस असे जे तू सहज लिहिलेस, त्याविषयी चार शब्द लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. पाहणारा व ऐकणारा आपले अवधान ज्या प्रमाणात वाहतो, त्याच प्रमाणात त्याला आनंद लाभतो, अशी माझी दृढ धारणा आहे.

१९१२ साली खुले झालेले ते मैदान, त्याच्या डाव्या अंगाची ३७ फूट उंच हिरवी भिंत आणि तिच्या पायथ्याचा, आत बसलेल्या माणसांनी हाताने आकडे बदलावयाचा धावफलक, हे सारे डोळे भरून पाहा. मात्र खेळ सुरू होताच क्रिकेटची मोजमापे बाजूस ठेव. क्रिकेटमध्ये फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडू शकतो; येथे बॅटरच्या वाट्यास एका सामन्यात बहुधा चार-पाचच संधी येतात, आणि दहांपैकी तीन वेळा जो यशस्वी होतो तो उत्तम गणला जातो. याच मैदानावर नावारूपास आलेल्या टेड विल्यम्सची सरासरी १९४१ च्या मोसमातील अखेरच्या दिवशी सकाळी .३९९५५ होती, ती .४०० धरली गेली असती, म्हणून न खेळण्याची मुभा व्यवस्थापकाने दिली असताही ती नाकारून फिलाडेल्फियातील त्या दिवसाचे दोन्ही सामने तो खेळला, आठांपैकी सहा वेळा यशस्वी झाला आणि .४०६ वर त्याने मोसम संपविला. त्याच्या धैर्याइतकाच त्याचा संयमही मननीय आहे, कारण वाईट चेंडू सोडून देण्याच्या कसबामुळे कारकिर्दीत २,००० हून अधिक वेळा त्याला पहिला बेस बहाल झाला. सोडलेल्या चेंडूतील विचार ज्याला दिसू लागला, त्याला हा खेळ कळू लागला असे समज.

यासाठी पेन्सिल बरोबर ने आणि मैदानावर नोंदपत्रक विकत घे. खेळाडूंच्या जागांना १ ते ९ असे क्रमांक असतात. ६-४-३ एवढ्या नोंदीत, शॉर्टस्टॉपने अडविलेला चेंडू दुसऱ्या बेसकडे व तेथून पहिल्या बेसकडे जाऊन दोन गडी बाद झाल्याचा सारा तपशील येतो. नऊ डावांचे हे दप्तर जो स्वहस्ते ठेवतो, त्याची नजर मैदानावरून सहसा ढळत नाही.

आता सायंकाळच्या व्याख्यानाविषयी. आइव्हज शाळेत असताना स्वतः बेसबॉलमधील पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. बँडमास्तर असलेल्या वडिलांकडून संगीताचे धडे घेऊन, येल विद्यापीठातून पदवी मिळवून त्याने उपजीविकेसाठी विम्याचा व्यवसाय पत्करला आणि उरलेल्या वेळात रचना केल्या. त्यांपैकी तिसऱ्या सिंफनीस अनेक वर्षांच्या उपेक्षेनंतर १९४७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. 'ऑल द वे अराउंड अँड बॅक' ही त्याची छोटी रचना वादकाने ऐकवावी अशी माझी फार इच्छा आहे. पहिल्या बेसवरील धावपटू फटक्यासरशी तिसऱ्या बेसपर्यंत धावतो, चेंडू फाउल ठरतो आणि त्याला आल्या वाटेने परतावे लागते; तद्वत तेथे स्वरसंभार वाढत वाढत शिखरास पोहोचतो आणि उलट क्रमाने मागे येतो. दुपारी हे धावणे आणि परतणे ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याला सायंकाळी ती रचना अपरिचित वाटणार नाही. रागसंगीतावर पोसलेला तुझा कान तिच्यातील कर्कश स्वरसंघातांनी प्रथम बिचकेल. तरीही फैसला देण्याची घाई करू नकोस. जे उमगले नाही ते टिपून ठेव आणि व्याख्यानानंतर नम्रपणे विचार. जाणकार कलावंताला प्रामाणिक प्रश्नाइतका दुसरा सत्कार प्रिय नसतो.

पत्रक भरून झाले की मला पाठव. एखाद्या डावात नजर चुकली असेल, तर शेजाऱ्याच्या पत्रकावरून किंवा अंदाजाने तो रकाना भरू नकोस, तो कोरा राहू दे. कारण आपले अवधान कोठे सुटले याची खरी नोंद ज्याच्यापाशी आहे, तोच पुढच्या खेपेस अधिक पाहू शकतो, आणि ज्या विद्येसाठी तू इतक्या दूर गेला आहेस तिच्या बाबतीतही हाच नियम आहे.

तुझा,
काका