दगडाची वाळू

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तो झाला. खाणीत सुरुंग लावून तो फोडतात. मग धोंडे क्रशरमध्ये टाकतात. दाढेखाली फुटाणा फुटतो ना, तसे ते लोखंडी जबड्यात फुटतात. नंतर मोठ्या चाळणीने चाळतात. स्लॅबसाठी २० मिलिमीटरची खडी घेतात. ४.७५ मिलिमीटरच्या भोकातून खाली पडते ती वाळू. तिच्यातली जास्तीची भुकटी धुऊन काढतात.

नदीतली वाळू पाणी धरून ठेवते. ती फार उपसली तर काठच्या विहिरी आटतात. म्हणून दगडाची वाळू वापरणे चांगले. पण क्रशरची धूळ लई वाईट. ती छातीत बसली की कामगारांना दमा-खोकल्यासारखा कायमचा आजार होतो. म्हणून क्रशरवर पाण्याचा फवारा पाहिजेच.

— इयत्ता ४ थी