औषधाची जाहिरात : पत्रक आणि फलक

पिंपळनेरच्या आठवडे बाजारात ‘मधुमेह मुळापासून नाहीसा’ असे पत्रक कोणा औषधविक्रेत्याने वाटल्यास औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या कलम ३ चा भंग होतो. औषध गुणकारी आहे, हा बचाव तेथे उपयोगी पडत नाही. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार आदी अनुसूचीतील रोगांवर औषधाची जाहिरात करण्यासच मनाई आहे. पहिल्या अपराधास ६ महिन्यांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

मात्र नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या दवाखान्यात ‘येथे मधुमेहावर उपचार होतात’ असा फलक लावण्यास कलम १४ अन्वये हरकत नाही. ही सवलत वैद्याची आहे, दुकानाची नव्हे. येथेच पुष्कळांची गफलत होते. दुकानदाराने पत्रकात औषधाचे नाव, घटकद्रव्ये व किंमत द्यावी. उत्पादकाकडून आलेले भित्तिपत्रकही लावण्यापूर्वी अनुसूचीशी ताडून पाहावे.