रुग्णशय्येवरील हरिपाठ

सातारा-सांगलीकडच्या वारकरी मंडळींत हल्ली एक प्रश्न वरचेवर निघतो. घरातील कोणास कर्करोग झाला, रुग्णालयाच्या खेपा सुरू झाल्या, आषाढी चुकली, काकडा चुकला, आणि वर गळ्यातील माळही उतरून ठेवावयास सांगितले. आता या माणसाने भजन करावे तरी कसे? प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. एवढ्यावरून उपचार अर्धे टाकून घरी येणारी माणसे असतात. म्हणून या अंकी त्याचा थोडा विचार करू.

प्रथमच सांगून टाकतो, की भजनाने गाठ विरघळत नाही. तसे कोणी सांगू लागल्यास त्यास हात जोडावे आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळावी. गाण्याचे काम निराळे आहे. २०२१ साली कर्करोग्यांवरील संगीताच्या ८१ चाचण्या एकत्र तपासून पाहण्यात आल्या. त्यांत ५,५७६ रोगी होते. मोठ्या माणसांची धास्ती, वेदना व थकवा यांस संगीताने उतार पडतो असे त्यांत दिसले. रोग बरा होतो असे त्यांत कोठे म्हटलेले नाही, आणि पुराव्यात उणिवा आहेत हेही तपासणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. आम्हांस हा हिशेब प्रामाणिक वाटतो. धास्ती कमी झाली, रात्री दोन घटका डोळा लागला, तर रोगी दुसऱ्या दिवशी उपचाराला उठून जातो. हे काय थोडे झाले?

आपल्या मुलखात औषध आणि गाणे यांचा शेजार जुना आहे. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले, तेव्हापासून दूरदूरचे रोगी तेथे येतात. त्याच गावात सतारी व तंबोरे होतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि त्या तंबोऱ्याचा भोपळा येतो कोठून? बराचसा आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या मळ्यांतून. कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्याच्या दारूने भाजले, तेव्हा उपचारासाठी त्यास मिरजेसच आणले होते. दृष्टी फारशी परत आली नाही. पण पोराच्या गळ्यात गाणे आहे हे तेथल्या डॉ. भडभड्यांनी ओळखले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकावयास घालण्याचा सल्ला दिला. तेच पुढे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर झाले, १९०१ साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. डोळ्यांचे काम गाण्याने झाले नाही, पण आयुष्य गाण्याने उभे राहिले. आमच्या प्रश्नाला हा दाखला फार जवळचा वाटतो.

आता रुग्णालयात जाऊ. पूर्वी किरणांच्या उपचारासाठी मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागे. ते १९४१ साली सुरू झाले. आता ती सोय मिरज-कऱ्हाडकडेही झाली आहे. तोंडाच्या वा घशाच्या रोगाला आठवड्यातून पाच दिवस असे सहा-सात आठवडे जावे लागते. म्हणजे आळंदीहून पंढरीस पायी जाण्यास लागतात त्याच्या दुप्पट दिवस. (तोंडाचाच रोग इकडे इतका का, हे विचारू नका. विसाव्याला टाळ खाली ठेवला की चंची सुटते, आणि घरी बायाबापड्यांची मशेरी चालू असते. दिंडीप्रमुखांनी याचे काहीतरी मनावर घ्यावे.)

ऊन पाण्यात प्लास्टिकची जाळी मऊ करून रोग्याच्या चेहऱ्यावर बसवितात व तिचा मुखवटा करतात. रोज तो मुखवटा चढवून मेजाला अडकवितात, कारण मान केसभरही हलता कामा नये. माळ त्याच्या आड येते. सांगलीकडचा असो की साताऱ्याचा, वारकऱ्याचा हात येथेच थबकतो. आमचे मत असे, की आधी डॉक्टरांस विचारावे. तेवढ्या वेळापुरती मनगटास बांधलेली चालत असेल तर बांधावी, नसेल तर घरच्या माणसाच्या हाती द्यावी व बाहेर आल्यावर पुन्हा घालावी. कऱ्हाडच्या सखूला घरात दोरांनी बांधून घातले होते, पंढरीची वाट बंद केली होती. तिच्या जागी कोण येऊन बांधून घेऊन उभा राहिला, हे आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो! मग मुखवट्याखाली बांधलेल्या माणसापाशी तो नसेल असे कसे म्हणावे?

त्या खोलीत रोगी एकटा असतो. बाहेरून पडद्यावर त्याच्यावर लक्ष असते, पण जवळ कोणी नाही. यंत्र घरघरते. अशा वेळी ‘राम कृष्ण हरि’ श्वासाच्या चालीवर मनातच धरावे; ओठ हलवू नयेत, ताल बोटांनीही धरू नये. काही ठिकाणी आत गाणे लावतात. विचारावयास लाजू नये.

सलाईनमधून औषध देतात तेव्हा तास तास पडून राहावे लागते. तेथे मोबाईलवर हरिपाठ ऐकावा, पण कानात इअरफोन घालून. शेजारच्या खाटेवरचा माणूस ओकाऱ्यांनी बेजार असतो; त्याला आपला मृदंग नको असतो. पंधरा जणांनी वॉर्डात टाळ घेऊन जाणे ही सेवा नव्हे. या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा गर्दी टाळावी, सप्ताहाला जाऊ नये. चंद्रभागेचे तीर्थ त्या दिवसांत डोळ्यांना लावावे, पिऊ नये. ताप आल्यास अंगारा लावून वाट न पाहता लगेच डॉक्टरांस कळवावे.

सर्वांत अवघड पुढेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलते, घसा बसतो, थुंकी सुकते. जन्मभर चाल सांगणाऱ्या माणसाला शब्द काढता येत नाही. त्याला वाटते, माझे भजन संपले. अहो, सप्ताहात वीणा एकाच्या गळ्यात सात दिवस असते का? पाहऱ्याची वेळ झाली की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा घेतो. ती जमिनीला टेकत नाही, एवढेच पाहावयाचे. घरच्यांनी येथे पाहरा घ्यावा. खाटेशी बसून संध्याकाळी हरिपाठ हळू आवाजात म्हणावा, रोग्याने नुसता ऐकावा. बायको म्हणते, सून म्हणते, कुठे चुकले तर तो खुणेने दाखवितो. बोलायची मात्र बळजबरी करू नये, आणि ‘आज नको’ म्हणाला तर पुस्तक मिटून ठेवावे.

ऐकवावयाचे काय, यावरही बोलले पाहिजे. नामांकित गायकांचे अभंग चांगलेच. पण रोग्याला गावच्या देवळातला काकडा अधिक लागतो असा अनुभव आहे. गावकऱ्यांनी तो मोबाईलवर भरून पाठवावा. मागे कोणी खोकेल, मध्येच कुत्रे भुंकेल, तात्यांचा टाळ नेहमीप्रमाणे पुढे पळेल. ते काढून टाकू नका, त्यावरूनच त्याला कळते की आपली माणसे आपापल्या जागी उभी आहेत. उपचार संपून तो गावी आला तरी आवाज मोकळा व्हावयास महिने लागतात. तेव्हा डॉक्टरांनी माणसांत मिसळावयास परवानगी दिल्यावर त्याला देवळात कडेला बसवावे, हाती टाळ द्यावा, आणि अभंगाची फर्माईश कोणी करू नये.