पृथ्वीच्या पोटात काय आहे?

मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून बघतो. आवाजावरून तडा कळतो. पृथ्वीचे पोटही असेच कळते.

भूकंप झाला की त्याचे हादरे जमिनीच्या आतून दूरवर जातात. थंड खडकातून ते लवकर जातात. तापलेल्या खडकातून सावकाश जातात. हादरा केव्हा पोचला, ते यंत्र टिपून ठेवते.

पण पृथ्वीवर जमीन थोडी, समुद्र फार. म्हणून यंत्रे समुद्राच्या तळाशीही ठेवतात. २०१२ साली हिंदी महासागरात रियुनियन बेटाभोवती अशी ५७ यंत्रे सोडली. वर्षभराने जहाजावरून खूण केली. तेव्हा यंत्रे खालचे वजन सोडून वर तरंगत आली.

त्या टिपणांचा अभ्यास झाला. २०२१ साली शास्त्रज्ञांनी सांगितले, की तिथे सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवरून तापलेला खडक वर येतो. झाडाला फांद्या फुटाव्या तसा तो वर पसरतो. या खोल थराला प्रावरण म्हणतात.

आपला याच्याशी काय संबंध? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भूमी त्याच भागावर होती. तेव्हा खालून लाव्हा आला, पसरला आणि थिजला. त्याचाच आपला काळा दगड झाला. आपले जाते त्याचेच, आपला सह्याद्रीही त्याचाच.