मल्लिकेची कन्या आणि आपला सातबारा

संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात एक लहानसे सुत्त आहे. कोसलनरेश पसेनदि तथागतांच्या सन्निध बसला असताना सेवक येऊन त्याच्या कानात सांगतो, की मल्लिकाराणीला कन्या झाली. राजाचा चेहरा उतरतो. तथागत त्याला समजावतात, की एखादी स्त्री पुरुषाहूनही श्रेष्ठ ठरू शकते. ती प्रज्ञावती आणि शीलवती निघू शकते. पुढे तिच्या पोटी जन्मणाऱ्या शूर पुत्राचाही उल्लेख येतो, हे आम्ही झाकून ठेवत नाही. राजाला उमजेल अशा भाषेतले ते बोलणे होते.

हे सुत्त धम्मवर्गात पुष्कळदा सांगितले जाते. त्याच संयुत्तातील दुसऱ्या एका कथेकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. श्रावस्तीत एक धनाढ्य गृहपती मरण पावतो. त्याला पुत्र नसल्यामुळे त्याची सारी संपत्ती राजवाड्यात जमा होते. एकट्या सोन्याचीच गणना ऐंशी लक्ष. कथेचा मुख्य विषय कृपणता हा आहे. तरीही या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे पसेनदिचा चेहरा का उतरला, याचा उलगडा होतो. ज्या व्यवस्थेत पुत्र नाही म्हणजे वारस नाही, त्या व्यवस्थेत कन्येचा जन्म हा बापाला तोटाच वाटणार.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २००१ च्या जनगणनेत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८६७ उरल्या. त्याच दशकात राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर आला, तर शेजारच्या बीडमध्ये तो २०११ साली ८०७ इतका खाली गेला होता. निसर्गतः हजार मुलांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात. म्हणजे आपल्याकडे दर हजारामागे ऐंशीच्या आसपास मुलींचा हिशेब लागत नाही. २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेसाठी देशातील पहिले शंभर जिल्हे निवडले गेले, त्यांत आपला जिल्हा होता. हा काही गौरव नव्हे.

कायदा नव्हता असे नाही. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला; १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला व २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. सोनोग्राफी यंत्रांना मोहोर लागली, डॉक्टरांवर खटलेही झाले. ते आवश्यकच होते. पण यंत्र केवळ उत्तर देते; प्रश्न घरातून विचारला जातो आणि त्या प्रश्नाची मुळे शेताच्या बांधापर्यंत गेलेली असतात.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. हिंदू कोड बिलात त्यांनी मुलीच्या वारसाहक्काचा आग्रह धरला. ते बिल बाजूला पडले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच वाटा दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील उरलेली शंकाही दूर केली.

आणि आपण काय केले? वडील गेले, वारसनोंद झाली, की बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले. साडीचोळी केली, जेवू घातले, सही झाली. मागितला असता तर माहेर तुटले असते, म्हणून तिने मागितलाच नाही. त्यालाच आपण तिचा मोठेपणा म्हणतो. तिच्या नावावर काही नाही म्हणून ती आईबापांना सांभाळू शकत नाही, आणि ती सांभाळू शकत नाही म्हणून पुढच्या पिढीला म्हातारपणाची काठी मुलातच दिसते.

वाटा द्यावा लागला तर मुली अधिकच नकोशा होतील, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. त्यासाठीच वाट्याबरोबर जबाबदारीही मुलीकडे गेली पाहिजे. आईवडिलांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच बांधील धरतो. लेकीच्या घरचे पाणीही पिऊ नये, ही जुनी समजूत आईबापांनीच सोडायला हवी.

येत्या माजी विद्यार्थी मेळाव्यास येताना प्रत्येकाने घरचा सातबारा सोबत आणावा, अशी आमची विनंती आहे. ज्यांना जमीन नाही, त्यांनी ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आणावा. त्यावर आई, बहीण, आत्या यांची नावे कोठे आहेत, आणि नसल्यास ती कोणत्या फेरफाराने कमी झाली, एवढे आपण एकत्र बसून वाचू.