आजचा धडा : थार-जीपमागे ट्रॉली जोडताना



बागेतून आंब्याचे क्रेट आणायला बरेच जण थार किंवा जुन्या जीपमागे ट्रॉली लावतात. तीन दारांच्या थारच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर फक्त 2450 मिमी. गाडी आखूड, म्हणून ट्रॉली डोलली की गाडी पण लगेच आडवी व्हायला बघते.

1) *भार* : क्रेट मागे रचू नका. जास्त वजन ट्रॉलीच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवा. भरलेली ट्रॉली 600 किलो असेल तर हुकावर साधारण 60 किलो यावं.

2) *निघण्याआधी* : हुकाची पिन, सुरक्षा साखळी, टायरची हवा, मागचे दिवे बघा.

3) *उतारावर* : सुरुवातीलाच खालचा गिअर टाका, न्यूट्रल नकोच. ब्रेक वळणाआधी मारा, वळणात नाही.

4) *डोलायला लागली तर* : ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. करकचून ब्रेक नको.

5) ट्रॉलीत माणसं बसवू नका. एक फेरी जास्त झाली तरी चालेल.

मागच्या मे महिन्यात मी स्वतः क्रेट मागे रचले होते. उतारावर घाम फुटला. पुढच्या फेरीत क्रेट पुढे घेतले, गाडी सरळ चालली.

शंका असेल तर ट्रॉलीचा फोटो ग्रुपवर टाका.