परसबागेतील बिलबेरी : फुलोरा भरपूर, फळे कमी का?

बिलबेरी हे उत्तर युरोपातील थंड वनांत वाढणारे, ब्लूबेरीच्याच कुळातील बुटके झुडूप आहे. परसबागेत त्यास ४.५ ते ५.५ सामूची, सेंद्रिय पदार्थयुक्त, ओलसर जमीन लागते. चुनखडीयुक्त जमिनीत पाने पिवळी पडतात.

जमीन योग्य असूनही फळधारणा कमी झाल्यास परागीभवनाकडे लक्ष द्यावे. या फुलांचे परागकण परागकोशाच्या टोकावरील सूक्ष्म छिद्रांतूनच बाहेर पडतात. केसाळ बंबलबी माशी फुलास लटकून पंखांच्या स्नायूंचे कंपन करते व परागकण झाडून घेते. वसंतात वसाहत स्थापण्यास निघालेल्या राणीमाश्याही याच फुलांवर येतात. एक राणी दगावल्यास तिची भावी वसाहतच नष्ट होते. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी करू नये. हिमालयातही बंबलबी आढळते. तेथे ब्लूबेरी लावणाऱ्यांनी हीच दक्षता घ्यावी.